शंभरीचं जेवण आणि शंभरीची देणगी

अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये एखाद्या फ्रॅटर्निटीच्या शाखेला पंचाहत्तर किंवा शंभर वर्षं पूर्ण व्हायला आली की समितीच्या पहिल्याच बैठकीत पैशांचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाकडून निघतो. हॉटेलचा हॉल कोणता, जेवणाचं ताट किती डॉलरला पडेल, बँड कुठला, स्मरणिका किती पानांची, हे आधी ठरतं. मग त्या सगळ्याची बेरीज करून माजी सदस्यांच्या संख्येने भागतात, आणि येणारा आकडा पत्रात जातो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. उत्सवासाठी देणगी मागूच नये. जो जेवायला येईल त्याने आपल्या ताटाचे पैसे भरावेत. देणगी मागायची ती पाहुणे घरी परतल्यावर जे उरणार आहे त्यासाठी, आणि ती मागण्याआधी संस्थेने आपला सगळा हिशोब माजी सदस्यांपुढे मांडावा. पैशाचा हिशोब तर हवाच, पण संस्था आजवर कशी वागली त्याचाही हवा.

मराठी वाचकाला फ्रॅटर्निटी म्हटलं की हॉलिवूडच्या सिनेमातला दंगा आठवतो, म्हणून थोडं मागे जाऊन सांगायला हवं. ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा होऊन पाच महिने झाले असताना, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा नावाचं गुप्त मंडळ काढलं. वादविवाद, निबंधवाचन आणि मैत्री हा त्याचा हेतू होता. पुढे ते हुशार विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी संस्था बनलं. आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात त्या प्रकारच्या मंडळांची सुरुवात १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजमध्ये कॅपा अल्फा सोसायटीने झाली असं मानतात. आपल्याकडचं वसतिगृह, मित्रमंडळ आणि जन्मभराचं नातं यांची त्यात सरमिसळ आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे सदस्य होतो, दोन-तीन वर्षं त्या घरात राहतो आणि पदवी घेऊन निघून जातो, पण सदस्यत्व मरेपर्यंत संपत नाही. तो ज्या घरात राहतो ते पुष्कळदा विद्यापीठाच्या मालकीचं नसतं. माजी सदस्यांनीच स्थापन केलेली एक छोटी कंपनी त्या घराची मालक असते. छप्पर गळलं तर तीच कंपनी खर्च करते आणि मुलांनी धुडगूस घातला तर घराबाहेर काढण्याचा अधिकारही तिलाच असतो.

अशा घरात कधी गेलात तर जिन्यालगतच्या आणि दिवाणखान्याच्या भिंती नीट पाहा. तिथे दरवर्षीची एक अशा मोठ्या तसबिरी टांगलेल्या असतात, त्यांना कॉम्पोझिट म्हणतात. प्रत्येक सदस्याचा छोटा, बहुधा लंबगोल फोटो, खाली नाव, आणि वरच्या रांगेत अध्यक्ष, खजिनदार वगैरे पदाधिकारी. पन्नासच्या दशकातले फोटो कृष्णधवल, केस चापूनचोपून बसवलेले. सत्तरच्या दशकात कल्ले वाढतात, कॉलर रुंद होते. मग कधीतरी एखादा काळा चेहरा दिसतो, आणखी पुढे एखादा पटेल किंवा कुलकर्णी. एखादा सत्तरीतला माणूस या भिंतीपुढे आला की आधी स्वतःला शोधतो, मग खोलीतल्या जोडीदाराला, आणि मग जो आता नाही त्याच्यावर बोट ठेवून थांबतो. देणगी मागणाऱ्या समितीची खरी पुंजी या भिंतीवर आहे. हॉलचं भाडं आणि बँडचं मानधन यांचा तिच्याशी काही संबंध नाही.

माझा भाचा मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठातून शिकून बाहेर पडला. त्याच्या शाखेची शंभरी जवळ आली आणि तो समितीत गेला. मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या निधी-संकलन विभागात काम केलेलं, म्हणून त्याने पत्राचा मसुदा पाठवला. ‘मामा, एकदा वाचून बघ, उद्या छापायला द्यायचंय.’ पत्र नेहमीच्या वळणाचं होतं. तीन परिच्छेद थोर परंपरेचे, मग उत्सवाचा कार्यक्रम, आणि शेवटी कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा पायऱ्या. प्लॅटिनम देणाऱ्याला व्यासपीठाजवळचं टेबल आणि पडद्यावर नाव. मी त्याला फोन करून दोन प्रश्न विचारले. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या पैशातलं काय शिल्लक असेल? आणि या लोकांना गेल्या दहा वर्षांत पैसे मागण्याव्यतिरिक्त तुम्ही कधी काही कळवलं आहे का? पहिल्यावर तो म्हणाला, ‘सगळे असंच करतात, मामा.’ दुसऱ्यावर थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘निम्म्या लोकांचे पत्तेच नाहीत आपल्याकडे.’

पत्ते नसणं हे या सगळ्या कामाचं मूळ दुखणं आहे. समजा, एखाद्या शाखेत दरवर्षी पंधरा नवे सदस्य येतात. शंभर वर्षांत पंधराशे झाले. त्यातले आठशे हयात आहेत, आणि पत्ता चालू असलेले चारशे. या चारशेंतल्या निम्म्यांनी पत्र उघडलं आणि त्यातल्या चौथ्या हिश्शाने काही दिलं, तर देणारे निघतात पन्नास. समिती या पन्नासांवरचा बोजा वाढवत राहते. माझ्या मते तिने आपली पहिली दोन वर्षं हरवलेल्या चारशेंना शोधण्यात घालवावीत. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते. प्रत्येक तुकडीतला एकजण धरायचा, जो अजून दहा-बारा जणांशी बोलतो. कुठल्या जुन्या सदस्याने कुठल्या नव्याला हाताशी धरलं, म्हणजे ‘बिग ब्रदर’ कोण आणि ‘लिटल ब्रदर’ कोण, ही वंशावळ फ्रॅटर्निटीत जपलेली असतेच, तिच्या आधाराने माणसामागून माणूस सापडत जातो. आणि पहिल्या फोनवर पैशाचा उल्लेखही करायचा नाही. ‘तुमच्या वेळचा एखादा फोटो आहे का?’ एवढंच विचारायचं. ज्याने फोटो शोधण्यासाठी माळ्यावरची पेटी उघडली, तो पुढे पत्राला उत्तर देतोच.

या क्षेत्रातली माणसं म्हणतील, हे सगळं ठीक, पण मोहिमेचं शास्त्र वेगळं आहे. त्यांचं शास्त्र मला ठाऊक आहे. आधी गाजावाजा न करता मोठे देणगीदार गाठायचे, उद्दिष्टाचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग जमला की मगच मोहीम जाहीर करायची. यात चूक काही नाही. अर्धं काम झालेलं दिसलं की लोकांना विश्वास वाटतो, आणि अमेरिकेतल्या पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या रकमेइतकीच भर स्वतःकडून घालतात, तिचाही फायदा मिळतो. पण या पद्धतीची एक वाईट सवय आहे. मोठी रक्कम हाती आली की समितीला लहान देणगीदाराचा कंटाळा येतो. विद्यापीठांनी याच्या नेमकी उलट चूकही करून पाहिली आहे. कित्येक वर्षं यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या विद्यापीठ-क्रमवारीत माजी विद्यार्थ्यांपैकी किती टक्के देणगी देतात याला गुण होते, म्हणून केवळ टक्का वाढावा यासाठी पाच-पाच, दहा-दहा डॉलर मागितले जात. २०२३ साली त्या क्रमवारीतून हा निकष काढून टाकण्यात आला. दोन्ही चुकांमध्ये माणसाचा फक्त आकडा होतो. पंचवीस डॉलर देणाऱ्या तरुण शिक्षकाला आपले पंचवीस डॉलर कुठे गेले हे कळलं, तर वीस वर्षांनी तोच मुख्य देणगीदार होण्याची शक्यता असते, आणि तसा झाला नाही तरी तो आपल्या मुलाला त्या घराबद्दल चांगलं सांगेल.

आता पैसा कशासाठी, या मुद्द्याकडे येतो. गंमत नाही, अमेरिकेचा करकायदाच माझ्या बाजूचा आहे. बहुतेक फ्रॅटर्निटी कायद्याच्या दृष्टीने क्लब आहेत. क्लबला स्वतःला आयकरातून सूट मिळते, पण क्लबला दिलेल्या पैशावर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक राष्ट्रीय फ्रॅटर्निटीने एक वेगळं शैक्षणिक प्रतिष्ठान काढलेलं असतं. त्याला दिलेली देणगी करसवलतीस पात्र असते, पण तो पैसा शिष्यवृत्त्या, नेतृत्व-प्रशिक्षण, अभ्यासिका अशा शैक्षणिक कामांसाठीच वापरावा लागतो. मेजवानी, बँड, पार्टीचा हॉल यांना तो लावता येत नाही. विद्यार्थ्यांच्या राहत्या घरांच्या बांधकामासाठीही सवलत मिळावी म्हणून या संघटनांनी वर्षानुवर्षं वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला आहे. ती मागणी रास्त आहे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण जेवण आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायद्याने मान्य केलेलं आहे, आणि जी समिती एकाच पत्रात, एकाच धनादेशाने दोन्हींचे पैसे मागते ती सदस्यांना गोंधळात टाकते. काहींना तर वर्षाच्या शेवटी कर भरताना कळतं की आपण ज्याला दान समजत होतो ते जेवणाचं तिकीट होतं.

उत्सवानंतर काय उरावं याचं सर्वांत मोठं उदाहरण मला अल्फा फाय अल्फाचं वाटतं. कॉर्नेल विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांची संख्या मूठभर होती आणि गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींची दारं त्यांना बंद होती, त्या काळात ४ डिसेंबर १९०६ रोजी सात विद्यार्थ्यांनी ती स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग बोस्टनमध्ये डॉक्टरेटसाठी शिकत असताना १९५२ साली तिचे सदस्य झाले. १९८४ साली या संघटनेतल्या काही सदस्यांनी कल्पना मांडली की राजधानीत किंग यांचं स्मारक व्हावं. अमेरिकी काँग्रेसची परवानगी मिळायला १९९६ उजाडलं. त्यानंतर निधी गोळा करण्याचं काम सुरू झालं, आणि ते एका संघटनेच्या आवाक्यातलं नव्हतंच. मोठ्या कंपन्यांकडे, प्रतिष्ठानांकडे आणि सामान्य नागरिकांकडे मागावं लागलं. १३ नोव्हेंबर २००६ रोजी भूमिपूजन झालं, ते संघटनेच्या शंभराव्या वर्षात. स्मारकाला सुमारे १२ कोटी डॉलर लागले आणि १६ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या उपस्थितीत त्याचं लोकार्पण झालं. पहिल्या कल्पनेपासून सत्तावीस वर्षं. त्या शताब्दीचा उत्सवही झालाच, पण आज राजधानीतल्या टायडल बेसिनच्या काठावर तीस फुटी पुतळ्यापुढे उभ्या असलेल्या शाळकरी मुलीला त्या जेवणाशी काही देणंघेणं नाही. तिला पुतळा दिसतो.

कुणी म्हणेल, ही राष्ट्रीय संघटना, तिचं उदाहरण एखाद्या गावातल्या साठ मुलांच्या शाखेला कसं लागू होईल? होतं, फक्त मोजमाप लहान करावं लागतं. १२ मे १९९६ रोजी, नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलमध्ये पदवीदानाच्या दिवशी पहाटे एका फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागली आणि पाच विद्यार्थी गेले. घरात आग विझवणारे पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर त्या गावाने फ्रॅटर्निटीच्या घरांना फवारे सक्तीचे केले. जुन्या लाकडी घरांमध्ये अशी यंत्रणा बसवायला पुष्कळ पैसा लागतो, आणि तो बाहेरून कुणी देत नाही. ज्या शाखेचं घर ऐंशी-नव्वद वर्षांचं आहे, तिने शंभरीच्या पत्रात सर्वांत वर लिहायला हवं की आमच्या वरच्या मजल्यावरून बाहेर पडायला एकच जिना आहे, आणि या वर्षी आम्हाला दुसरा करायचा आहे. हे वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे आपली जुनी खोली येते. व्यासपीठाजवळच्या टेबलाने तसं काही होत नाही.

पुढचा भाग जास्त अवघड आहे, पण तो टाळला तर बाकी सगळं पोकळ राहतं. शंभर वर्षांच्या इतिहासात अभिमानाचं असतं तसं लाजेचंही असतं. कित्येक फ्रॅटर्निटींच्या घटनेत सदस्य गोरा आणि ख्रिस्ती असावा असं लिहिलेलं होतं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते टिकलं. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजमधल्या फाय कॅपा साय या फ्रॅटर्निटीच्या शाखेने एका काळ्या विद्यार्थ्याला सदस्य करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा राष्ट्रीय संघटनेने त्या शाखेलाच निलंबित केलं. शाखेने माघार घेतली नाही. ती स्वतंत्र झाली आणि नवं नाव घेऊन चालत राहिली. असा प्रसंग ज्या शाखेच्या इतिहासात आहे तिच्याकडे स्मरणिकेसाठी याहून मोलाचं पान नाही. ज्या शाखेच्या इतिहासात याच्या उलट प्रसंग आहे, तिनेही तो छापावा. तसंच नवख्या मुलांच्या छळाचं. दारू पाजून, उपाशी ठेवून, मारहाण करून मुलं मेली आहेत, एकदा नव्हे, अनेकदा. २०१७ साली पेन स्टेटमध्ये झालेल्या अशाच एका मृत्यूनंतर पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली कडक कायदा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवर कायदा झाला, ज्यामुळे विद्यापीठांना छळाच्या घटनांची आकडेवारी आणि दोषी संघटनांची माहिती जाहीर करावी लागते. आता माजी सदस्याने देणगी देण्याआधी ही माहिती उघडून पाहिली तर त्याला कुणी दोष देऊ नये. पत्रात शंभर वर्षांच्या बंधुभावाची वर्णनं आणि विद्यापीठाच्या अहवालात त्याच शाखेवर झालेली कारवाई, असं दोन्ही एकाच आठवड्यात वाचायला मिळालं तर चेकबुक बाहेर निघणार नाही, आणि निघूही नये.

याहून पुढे जाऊन काहीजण म्हणतात, या संस्थांना पैसा देऊच नये, त्या बंद व्हाव्यात. काही कॉलेजांनी त्या बंद केल्याही. विल्यम्स कॉलेजने १९६२ साली फ्रॅटर्निटी संपवायचं ठरवलं, ॲमहर्स्टने १९८४ साली. मला हा आक्षेप हलका वाटत नाही. पण जिथे त्या आहेत तिथे त्यांना शिस्त लावू शकणारी माणसं कोण, हा प्रश्न मी विचारतो. विद्यापीठाचं घरावर नियंत्रण अनेक ठिकाणी अपुरं असतं, राष्ट्रीय कार्यालय दूर असतं, आणि राहणारी मुलं वीस वर्षांची असतात. उरतात ते घराचे मालक, म्हणजे माजी सदस्य. ज्याचे पैसे घरात आहेत तो अट घालू शकतो. छळाची एक घटना झाली तर निधी थांबेल, शिष्यवृत्ती गरीब घरच्या मुलांनाच दिली जाईल, घरात एक प्रौढ देखरेख करणारा राहील. अशा अटी शंभरीच्या देणगीपत्रावरच लिहाव्यात. उत्सवाच्या भरात विनाअट दिलेला पैसा मुलांना चुकीचा संदेश देतो. चारही बाजूंनी टाळ्या वाजत असताना कुणाला आपली चूक दिसत नाही.

आणखी एक आक्षेप माझ्या भाच्याचा होता. ‘मामा, सगळ्यांनी तिकीट काढायचं म्हटलं तर नुकते पास झालेले कसे येतील? त्यांच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे.’ त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, मग त्यासाठी वेगळी मदत मागा आणि स्पष्ट लिहा, की ही रक्कम शेवटच्या पाच तुकड्यांच्या आणि सध्याच्या मुलांच्या ताटांसाठी आहे. पन्नाशीच्या पुढचा माणूस अशी मदत आनंदाने देतो, कारण त्याला माहीत असतं की त्याच्या टेबलावर कोण बसणार आहे. माझा विरोध मदतीला नाही, न सांगता उचललेल्या पैशाला आहे.

आपल्या लोकांसाठी हा विषय परका राहिलेला नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या फ्रॅटर्निटी काढल्या, बिंगहॅम्टनमध्ये १९९४ साली आयोटा नु डेल्टा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली सिग्मा बीटा ऱ्हो. त्यांची पंचविशी होऊन गेली आहे, पन्नाशीची तयारी आता चाळिशी-पन्नाशीतले सदस्य करतील, आणि त्यांना जुन्या गोऱ्या संस्थांच्या सगळ्या सवयी उचलण्याची गरज नाही. पवईच्या आयआयटीत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांची आणि देणग्यांची ही पद्धत वेगळ्या रूपात आली. २०२३ साली तिथले माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी संस्थेशी असलेल्या नात्याची पन्नास वर्षं म्हणून ३१५ कोटी रुपये दिले, आणि त्याच वर्षी १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवी मेळाव्यात ५७ कोटींचं वचन दिलं. मेळावा हे निमित्त होतं, पैसा संस्थेच्या कामाला. इकडे अमेरिकेत मराठी मंडळांच्या अधिवेशनांत मात्र आपण अजून पुढच्या रांगेच्या खुर्च्या विकतो. चांगली माणसं मोठ्या मनाने रक्कम देतात, आणि तिचा बराचसा भाग सभागृह आणि विमानतिकिटांत जातो. कार्यक्रम देखणा होतो, यात शंका नाही. पण त्या रकमेतला चौथा हिस्सा जरी मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी बाजूला काढला असता तर, असं मला दर वेळी वाटतं, आणि मी ते आयोजकांना सांगतही आलो आहे.

भाच्याच्या समितीने पत्र बदललं. पायऱ्यांची यादी गेली. पहिल्या पानावर घराच्या दुसऱ्या जिन्याचा आराखडा आला, दुसऱ्यावर गेल्या दहा वर्षांचा जमाखर्च, आणि त्याखाली २००० नंतर विद्यापीठाने शाखेवर दोनदा केलेल्या कारवाईची माहिती, कारणांसकट. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्याला हा तिसरा भाग पसंत नव्हता. त्याने तसं लिहूनही दिलं, आणि समितीने त्याचं म्हणणं कार्यवृत्तात नोंदवून पत्र तसंच पाठवलं. तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात आणि देणगी प्रतिष्ठानाच्या खात्यात, पण जिन्याचा जो भाग प्रतिष्ठानाला करता येत नाही त्यासाठी तिसरं खातं, आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं की यावर करसवलत मिळणार नाही. तरीही त्यात पैसे आले. उत्सवानंतर सहा महिन्यांनी सगळ्यांना, न देणाऱ्यांनाही, काम कुठवर आलं ते कळवायचं असं त्यांनी ठरवलं आहे. त्या पत्रात काय काय असावं याची यादी मी त्याला आत्ताच करून ठेवायला सांगितली आहे: कंत्राटदाराचं बिल, अग्निशमन अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, आणि शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी.